पखवाजाच्या लाकडाची दोन पेनं

गोव्यात तुयेच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मी लेथ चालवायचे. लोखंड, पितळ, असलंच सगळं. आमचा विभाग बंद झाला तेव्हा मी लाकूडकामाचं एक छोटं लेथ घेतलं, घरामागच्या पडवीत बसवलं आणि पेनं घडवायला लागले. नवरा बेळगावकडचा. तो म्हणाला, "लोखंड कापलेल्या बाईला लाकडाचं काय भ्या?" भीती नव्हतीच. पण सुरुवातीला इतकी लाकडं फुटली की आमचा पाण्याचा बंब त्यांच्यावरच तापायचा.

मग मी त्यांचं फुटणं वाचायला शिकले. भोक पाडताना घाई केली की लाकूड आतून तापतं आणि तडकतं. त्या भोकात बसवायच्या पितळी नळीला डिंक सगळीकडे लागला नसेल तर तिथं पोकळी राहते, आणि पटाशी नेमकी तिथंच चावते. चूक झाली की तुकडा फेकायचा नाही, आधी हातात घेऊन बघायचा, ही सवय लागली आणि बंबासाठी पुन्हा सरपण आणावं लागलं.

अशात एक दिवस आमोण्याहून एक निवृत्त टीचर आल्या. चादरीत गुंडाळून त्यांनी पखवाजाचं खोड आणलं होतं. वडील गावच्या देवळात भजनाला पखवाज वाजवायचे. ते गेल्यावर पखवाज माळ्यावर पडून राहिला आणि खोड उभंच्या उभं चिरलं. आता ते जोडून उपयोग नाही, असं जाणकारांनी सांगितलं होतं.

"दोन पेनं कर, बाय," टीचर म्हणाल्या. "एक माका, एक पणजेच्या भावाक."

लाकूड फणसाचं. बरंचसं किडीनं पोखरलेलं, पण एका तोंडाजवळ घट्ट होतं. तिथून जेमतेम दोन पेनांपुरतं निघालं, वर थोडे तुकडे. पहिलं पेन सुरेख उतरलं, हळदीच्या गाठीसारख्या रंगाचं. दुसरंही जवळजवळ झालं होतं. शेवटचा हात फिरवताना लेथचा आवाज बदलला. मी पटाशी मागे घेतली, पण तोवर एक कपची उडून जनेलाच्या काचेवर आपटली होती. लाकडात खड्डा पडून आतलं पितळ दिसत होतं.

भुशात हात घालून शोधलं, अंगण झाडून काढलं. कपची मिळाली नाही. फुटलेल्या जागी लाकूड गोल कापून काढलं आणि तिथं काळ्या शिसवीचं कडं बसवलं. मेण लावून घासल्यावर ते पहिल्यापेक्षा देखणं दिसायला लागलं. मी खूश होते.

टीचर भावाला घेऊन आल्या. भावाला कड्याचं पेन फार आवडलं. टीचरनी ते उजेडात फिरवलं.

"हें काळें कसलें?"

मी काय घडलं ते सांगितलं आणि म्हटलं, "शिसवी आहे टीचर, उत्तम लाकूड."

"दिसता बरें. पण हें आमचें न्हय."

"ताई, असू दे गो," भाऊ म्हणाला. "कोणाला कळणार आहे?"

"माका कळता."

मला राग आला. इतकं नेटकं काम, आणि त्यात खोड काढतात म्हणजे काय! पण त्या दोन्ही हातांनी पेन धरून उभ्या होत्या, आणि माझ्या लक्षात आलं की त्या देखणं काही न्यायला आल्याच नव्हत्या. बापाचं लाकूड न्यायला आल्या होत्या. ते मी विचारलंच नव्हतं.

"उरलेले तुकडे आहेत," मी म्हटलं. "पण बारीक आहेत. सांधताना आणखी फुटू शकेल."

"फुटूं दी. आमचेंच लाकूड फुटतलें."

त्यांना बसायला कदेल दिलं आणि त्यांच्यासमोरच कामाला लागले. शिसवीचं कडं कापून काढलं. फणसाच्या तुकड्यांच्या बारीक पाचरी करून नळीभोवती चिकटवल्या. सांध्यांत त्याच लाकडाचा भुसा आणि लगेच सुकणारा पातळ डिंक भरला. एका पाचरीच्या रेषा आडव्या गेल्या होत्या, आणि आडवं लाकूड पटाशीला पटकन फुटतं. म्हणून पटाशीला नव्यानं धार लावली आणि केसाकेसानं कापत गेले. भावाला बघवेना, तो अंगणात जाऊन उभा राहिला. टीचर मात्र माझ्या हातांवरून नजर हलवत नव्हत्या.

लाकूड टिकलं. आडवी पाचर जरा गडद दिसत होती, ती तशीच ठेवून पेन जोडलं आणि मेजावर ठेवलं.

भाऊ आत आला, पेन उचललं आणि मेजाच्या कडेवर त्यानं एक ठेका धरला. बापाचाच असावा, कारण टीचर एकदम ताठ बसल्या.

"अरे, फुटतलें तें!" त्या ओरडल्या.

"नाही फुटणार," मी म्हटलं. "वाजवा."

त्यानं आणखी जोरात वाजवलं.

आता कोणी लाकूड घेऊन आलं की मी मशीन चालू करण्याआधीच विचारते, हे फुटलं तर त्यात काय भरू? बहुतेक जण म्हणतात, तुम्हाला योग्य वाटेल ते. एक बाई म्हणाल्या, फुटलं तर फुटलेलंच द्या. परवा डिचोलीचा एकजण घरच्यांना विचारून येतो म्हणाला आणि लाकूड परत घेऊन गेला. मला ते आवडलं.