आई – सामान

गौरी-गणपती उरकले, मुंबईकर परत गेले, आणि त्यानंतर चौथ्या दिवशी, सोमवारी, मथुरा गोताडच्या मोबाइलवर जपानचा तक्ता आला. मुलगा गौरव, सून तेजस्वी आणि नऊ वर्षांची नात मनस्वी दिवाळीच्या सुट्टीत जपानला जाणार होते आणि मथुरालाही नेणार होते. टोकियोजवळचे दोन थीम पार्क, ओसाकातला एक. तक्ता तेजस्वीने केला होता. तास, मिनिटं, कोणती राईड, कोण बसणार, सगळं रकान्यांत.

मथुराने तो साळवी स्टॉपवरच्या झेरॉक्सवाल्याकडून कागदावर काढून आणला. सव्वीस वर्षं एसटीत कंडक्टर म्हणून काढल्यावर वेळापत्रक पडद्यावर बघणं तिला जमत नाही. ते हातात धरून, उभी घडी घालून, अंगठा खाली सरकवत वाचायचं असतं. रिक्षात बसल्या बसल्याच तिने वाचायला घेतलं. ओसाकाच्या पानावर अंगठा थांबला.

‘१०.४० – पोटावर पालथं लटकवून नेणारी रोलर कोस्टर. गौरव, तेजस्वी, मनस्वी. आई – सामान.’

त्याच्या खालच्या ओळीत पुन्हा तेच. मग तिने पहिल्या पानापासून मोजलं. तीन पार्क मिळून ‘आई – सामान’ अकरा वेळा होतं. तिचं नाव घालून एकच राईड होती: बोटीत बसून बाहुल्या बघत जायची.

घरी नवरा, काशीराम, पडवीत कोयतीला धार लावत बसला होता. विमानाला त्याने आधीच नकार दिलेला. दिवाळीत भात कापायला येईल, तो टाकून जपान बघणारा माणूस त्याच्या घराण्यात झाला नव्हता.

“काय लिवलंय एवढं?” त्याने विचारलं.

“लिवलंय, की मी पिशव्या धरून बसायचं.”

“मग हितं काय वेगळं करतंस गो?”

ती आत गेली, पाणी प्यायली, मागच्या दाराने बाहेर आली, आणि पुन्हा पुढच्या दाराशी. रिटायर होऊन तिला सव्वा वर्ष झालं होतं. या काळात ती सलग अर्धा तास एका जागी बसल्याचं घरात कोणी पाहिलं नव्हतं. जेवतानाही ताट ओट्यावर ठेवून उभ्यानेच खायची.

पिशव्यांचं म्हणाल तर काशीरामचं चूक नव्हतं. गौरव लहान असताना जत्रेतल्या आकाशपाळण्याखाली तीच सगळ्यांच्या चपला आणि खेळणी घेऊन उभी असायची. तीन वर्षांपूर्वी खोपोलीकडच्या वॉटर पार्कात सगळे गेले, तेव्हा एका बाकावर चार जोड चपला, दोन पिशव्या आणि तीन मोबाइल सांभाळत तिने साडेतीन तास काढले. कोणी तिला तसं सांगितलं नव्हतं. तिने हात पुढे केला होता आणि बाकीच्यांनी पिशव्या दिल्या होत्या. कंडक्टरच्या खांद्याला सव्वीस वर्षं बॅग असते. ती खाली ठेवून कुठे जायचं नसतं. घरच्यांना ती बॅगेशिवाय डोळ्यांपुढे येतच नसेल, तर नवल नव्हतं.

पण एक गोष्ट तिने कोणाला सांगितली नव्हती. कोल्हापूरच्या गाडीला ड्यूटी असली की आंबा घाटात गाडी वळणाला झुके. उभ्या माणसाचं वजन एका पायावरून दुसऱ्यावर जातं, आणि मध्ये एक क्षण असा येतो की ते कुठल्याच पायावर नसतं. खिडकीशी माणसं ओकत असायची, पोरं रडत असायची, आणि मथुराला तो क्षण आवडायचा. पुढच्या वळणाची ती वाट बघायची. कंडक्टरने असलं काही बोलायचं नसतं.

अडचण रविवारची होती. ओसाकाच्या पार्कात मोठ्या राईडला दोन-दोन तासांची रांग. ती चुकवायला वेगळा पास घ्यावा लागतो, आणि गौरव रविवारी सकाळी दहाला कॉम्प्युटरपुढे बसून तीन पास काढणार होता. तीन म्हणजे तीनच. त्यानंतर बोलून उपयोग नव्हता.

बुधवारी ती डॉक्टरकडे गेली. त्याने सरकत्या पट्ट्यावर चालवलं, कागदावरच्या रेघा पाहिल्या.

“हार्ट छान आहे. रक्तदाब सरळ. तपासणी कशासाठी करताय?”

“पाळण्यात बसायचंय.”

डॉक्टर तिशीतला होता. तो हसला, मग तिचा चेहरा बघून थांबला. “कंबर?”

“कंबर एसटीची आहे.”

“म्हणजे?”

“दुखत नाही. खडखडते.”

त्याने चिठ्ठी लिहून दिली. ती घेऊन मथुरा तडक रहाटाघर स्टँडवर गेली. तिथे कँटीनमध्ये बाबू ड्रायव्हर चहा पीत होता. आंबा घाटात त्याच्याबरोबर तिने अकरा वर्षं काढली होती. तिने त्याला तक्ता दाखवला, चिठ्ठी दाखवली.

“अहो बाई, तुम्ही सहलीला चाललाय की चौकशी समितीपुढे?” बाबू म्हणाला. “पोराला फोन करा, मला बसायचंय म्हणा. संपलं.”

“तो नाही म्हणायचा नाही.”

“मग झालं की!”

“तो हो म्हणायचा आणि तोंड पाडून बसायचा. मग सून बसायची नाही, सामान धरायला थांबेल. मग पोर रडेल. माझ्यापायी चौघांचा दिवस जायचा.” ती उभीच होती. “गाडीची वेळ बिघडवून सीट मिळवायची नाय मला.”

“बसा तरी.”

ती बसली नाही.

गुरुवारी दुपारी काशीराम आडवा झाल्यावर तिने मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला आणि ओट्यापाशी उभं राहून ओसाकाच्या पार्कचे व्हिडिओ लावले. हिंदीत बोलणारा एक मुलगा भरभर सांगत होता. लॉकर आहेत, नाणं टाकायचं, सामान ठेवायचं. मथुराने व्हिडिओ थांबवला, मागे नेला, पुन्हा ऐकला. लॉकर. तक्त्यात अकरा वेळा लिहिलेली तिची कामगिरी एक पत्र्याचं कपाट करत होतं.

पुढे त्या मुलाने आणखी एक गोष्ट दाखवली. गाडीत एका ओळीत चार सीट. तिघांचं कुटुंब बसलं की एक रिकामी उरते. म्हणून बाजूला एकट्या माणसांची वेगळी रांग. दारावरची मुलगी एक बोट वर करते, त्या रांगेतला एक माणूस पुढे येतो, बसतो, गाडी सुटते. या रांगेला पास लागत नाही. सोबतच्यांपासून वेगळं बसायची तयारी लागते, एवढंच.

मथुराने ती बोट वर करणारी मुलगी सहा वेळा पाहिली. हातखंब्याच्या थांब्याला गाडी भरत आलेली असताना दारात उभं राहून ती स्वतः हेच करत आली होती. “एक सीट आहे, एक सीट! एकटं कोण आहे? जोडीने नको, एकटं या!” मागून कोणीतरी पिशवी डोक्यावर घेऊन घुसायचं, आणि ती दोनदा घंटी द्यायची. रिकामी सीट घेऊन गाडी सोडलेली तिला आठवत नव्हती.

शुक्रवार, शनिवार तिने अंगण झाडलं, माळा आवरला, नसलेला बाजार करायला दोनदा बाहेर पडली. रविवारी नऊला तिने मुंबईला व्हिडिओ कॉल लावला.

“आई, दहाला पास काढायचेत, लवकर बोल,” गौरव म्हणाला.

“त्याचंच बोलायचंय. मी त्या पालथ्या राईडमध्ये बसणार आहे.”

पडद्यावर गौरवशेजारी तेजस्वीही सरकून आली. मग गौरवने एकामागून एक सुरू केलं. तुझं वय. तुझी कंबर. परदेशात काही झालं तर. मथुराने डॉक्टरची चिठ्ठी मोबाइलसमोर धरली.

“आणि सामान, आई?” तेजस्वीने सरळ विचारलं. तिच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं. तक्ता तिचा होता आणि त्यात एक जागा रिकामी पडत होती.

“लॉकर आहेत. प्रत्येक मोठ्या राईडला.”

“हे तुम्हाला कोणी सांगितलं?”

“बघितलं.” मग मथुराने एकट्यांच्या रांगेचं सांगितलं. पास नको, कोणाची जागा नको, तक्त्याची वेळही बिघडत नाही.

“अगं, पण कोणा अनोळखी माणसाशेजारी बसशील?” गौरव म्हणाला. “ती केवढी वर जाते माहितीय? पोट गळ्याशी येतं. डोकं गरगरतं. खाली उतरल्यावर माणसाला उभं राहता येत नाही, अर्धा दिवस मळमळत...”

कोल्हापूरच्या गाडीत पालीपासून साखरप्यापर्यंत पिवळा पडत जाणारा हा पोरगा मथुराने कितीदा पुढच्या सीटवर नेऊन बसवला होता, हातात आलेपाक देऊन.

“तुला अजून गाडी लागते काय रे?” तिने विचारलं.

“नाही.”

“लागते!” मागून मनस्वी ओरडली. “आजी, बाबा लोणावळ्याला गाडी थांबवतात. आई सांगू नको म्हणते.”

तेजस्वीने हसू दाबलं. गौरवने चष्मा काढून पुसला. “हिला कबूल करून बसलोय, तिघं मिळून बसू म्हणून,” तो म्हणाला.

“बाबा, तुम्ही ओकलात तर मी अनोळखी,” मनस्वी म्हणाली.

“मग असं करू,” गौरव बराच हलका होत म्हणाला. “माझा पास आई घेईल. तिघी एकत्र बसा.”

“नको,” मथुरा म्हणाली. “दोनच काढ. मी एकटीच्या रांगेतून जाईन. ती पोरगी सीट कशी भरते, ते मला बघायचंय.”

सव्वादहाला नवा तक्ता आला. ओसाकाच्या पानावर १०.४० च्या ओळीत तेजस्वी आणि मनस्वी होत्या. खाली ‘आई – सिंगल’ लिहिलं होतं. त्याच्याही खाली, ‘गौरव – सामान’.

मथुराने तो कागदावर काढायला पिशवी उचलली.

“झालं ना मनासारखं?” पडवीतून काशीराम म्हणाला. “आता तरी जरा बस गो.”

“दिवाळीला अजून दीड महिना हाय,” ती म्हणाली आणि चपला घालून रस्त्याला लागली.