पाल्य, वय वर्षे अडतीस

वकिलीचं शिक्षण मी दोनदा सुरू केलं. पहिल्या खेपेला कॉलेजला माझा पत्ता लागला नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही कॉलेजचा फारसा लागला नाही.

सातपूरच्या एका कारखान्यात मी टाइम ऑफिसला होते. कोण किती वाजता आत आलं, किती वाजता बाहेर पडलं, कुणाची आजी कितव्यांदा वारली, हे सगळं माझ्याकडे. बारा वर्षं हे केल्यावर वाटलं, आता काहीतरी शिकावं. एका तालुक्याच्या गावी कायद्याचं कॉलेज आहे आणि तिथे यावं लागत नाही, अशी माहिती मिळाली. यावं लागत नाही, हाच त्या कॉलेजचा मोठा गुण होता. परीक्षा सोडून दोन वर्षांत मी तिथे तीनदा गेले. त्यातल्या एका वेळी कॉलेजला कुलूप होतं. प्रश्नोत्तरांची पुस्तकं पाठ करायची, पेपरात ओतायची आणि पास व्हायचं. कंपनीत मात्र मी तोवर वकीलबाई झाले होते. लोक प्रश्न विचारायचे, मी चष्मा वर सरकवून उत्तर द्यायचे. उत्तर माहीत नसलं तर चष्मा सरकवायला जरा जास्त वेळ घ्यायचे.

एकदा पॅकिंगमधल्या एक बाई इंग्रजी कागद घेऊन आल्या. सुपरवायझरनं सही करून मागितला होता. मी वरवर नजर फिरवली आणि म्हटलं, "पोच दिसते नुसती. करून टाका सही." तो राजीनामा होता. दोन दिवसांनी त्यांचं कार्ड बंद करण्याचा हुकूम माझ्याच टेबलावर आला, तेव्हा मला ते कळलं.

मी धावत गेटवर गेले. बाई पिशवी घेऊन उभ्या होत्या. माझ्यावर ओरडतील असं वाटलं होतं. त्या शांतपणे म्हणाल्या, "तुमालाबी नाय कळलं व्हय? मंग मला कसं कळल."

त्यांना पुढे दुसऱ्या कारखान्यात काम लागलं, आणि त्यांनी मला कधी बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं. मी महिनाभर कुणाला सल्ला दिला नाही. चष्माही नाकावर जिथे असेल तिथेच राहू दिला.

मग मी ठरवलं, की शिकायचं तर नीट शिकायचं. नाशकातल्या एका चांगल्या कॉलेजची प्रवेश परीक्षा दिली. यादीत नाव शेवटून तिसरं आलं, पण आलं. तिथल्या कारकुनानं माझ्या जुन्या दोन्ही गुणपत्रिका उलटसुलट पाहिल्या आणि अदबीनं परत दिल्या. त्या धरता येणार नाहीत, पहिल्या वर्षापासून यावं लागेल, असं त्याचं म्हणणं. म्हणजे माझ्याबरोबर त्या तालुक्याच्या कॉलेजात नाव घातलेली मैत्रीण आता शेवटच्या वर्षाला, आणि मी पुन्हा पहिलीत. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो सातपूरलाच एका वर्कशॉपमध्ये लेथवर आहे, मोजूनमापून बोलतो. म्हणाला, "जॉब बिघडला तर आम्हीही नव्या तुकड्यापासूनच सुरू करतो." माझ्या दृष्टीनं ती परवानगी, आशीर्वाद आणि सत्कार सगळं एकदमच झालं. मी कंपनीत दुसरी पाळी मागून घेतली आणि सकाळ कॉलेजला दिली.

प्रवेशाचे कागद उशिरा पुरे झाल्यामुळे मी पोचले तोवर वर्ग सुरू होऊन आठवडा झाला होता. पहिल्या दिवशी काय घालावं हे कळेना, म्हणून कंपनीत नेसते तशीच कडक इस्त्रीची सुती साडी नेसले. वर्गाच्या दारात शिपाई उभा होता. त्यानं मला नमस्कार केला आणि हातात मस्टर दिलं. मी आत पाऊल टाकलं तर सगळा वर्ग उभा राहिला.

खरं तर तिथेच सांगायला हवं होतं. पण हातात मस्टर आलं की मी दुसरी कुणी होऊच शकत नाही. मी म्हटलं, "बसा." सगळे बसले. मी टेबलाशी गेले, पेन काढलं आणि हजेरी सुरू केली.

तेवीस नंबरला तिसऱ्या बाकावरच्या एका मुलीनं हजेरी दिली. एकतीसला जो बारीक आवाज आला, तोही तिथूनच. दुसऱ्याचं कार्ड पंच करणारे लोक मी चौदा वर्षं पकडत आले होते. कार्डातल्या फोटोतली मिशी आणि समोरच्या माणसाची मिशी वेगळी, इतक्यावरून मी चोर पकडलेला आहे. मी मान वर न करता म्हटलं, "तेवीस आणि एकतीस एकाच तोंडातून बोलताहेत. त्यातलं एक उभं राहील का?"

ती मुलगी उभी राहिली. लांब वेणी, घाबरलेले डोळे. तिची खोलीतली मैत्रीण झोपून राहिली होती, असं तिनं सांगितलं. मी एकतीसपुढे गैरहजेरी मांडली आणि पुढे निघाले. वर्ग असा चिडीचूप, की मला कंपनीत कधी मिळाला नव्हता इतका मान मिळाला. साठ, एकसष्ट, बासष्ट. सर्वांत खाली पेननं वाढवलेला त्रेसष्टावा नंबर. मी तो मोठ्यानं वाचला. कुणीच उत्तर देईना. मी पुन्हा वाचला, आणि मग माझ्या लक्षात आलं.

"हजर," मी म्हटलं, आणि स्वतःपुढे खूण केली.

मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. मी वर पाहिलं तर दारात वर्गाचे खरेखुरे सर उभे. ते किती वेळ उभे होते कोण जाणे. आणि ते सर म्हणजे माझ्या धाकट्या भावाचा शाळूसोबती निघाला. आमच्या स्वयंपाकघरात बसून शिकरणाची दुसरी वाटी मागणारा, आमच्या परसात सायकलवरून पडल्यावर ज्याच्या गुडघ्याला मी हळद लावली तो. त्यानं मला पाहिलं, मी त्याला पाहिलं.

"ताई," तो भर वर्गात म्हणाला, "झाली असेल तर मस्टर देता का?"

मी मस्टर दिलं आणि जाऊन तिसऱ्या बाकावर बसले, कारण जागा तिथेच होती. एकतीस नंबरची. त्या दिवसापासून सगळा वर्ग मला ताई म्हणू लागला. मी मात्र त्याला सर म्हणत होते, आणि मी सर म्हटलं की त्याचे कान लाल व्हायचे. म्हणून मी जरा जास्तच म्हणायचे. एकेका वाक्यात दोनदा.

त्यानं सूड उगवला तो करार कायद्याच्या पहिल्या चाचणीत. मला वीसपैकी सहा. समासात लिहिलं होतं, "तुमचं मत उत्तम आहे. कायद्याचं मत काय आहे?" मी तो पेपर घेऊन ग्रंथालयात बसले आणि पहिल्यांदाच मूळ कायदा उघडून वाचला. फसवून घेतलेल्या संमतीचं कलम आलं, तेव्हा पान उलटेना. पॅकिंगमधल्या बाईंच्या सहीला तेव्हा हरकत घेता आली असती. हे माझ्याकडच्या पाठ केलेल्या पुस्तकातही असणार. मी ते पाठही केलं असणार.

तेवीस नंबर, म्हणजे ती वेणीवाली मुलगी, हरसूलकडची. घरात कॉलेज पाहिलेली ती पहिलीच. तिनं मला दोन आठवडे माफ केलं नाही. नंतर कोर्टाची इंग्रजी निकालपत्रं दोघींनाही सारखीच कळत नाहीत असा शोध लागला, आणि आम्ही एका शब्दकोशावर दोन डोकी टेकवू लागलो. ती माझ्या लेकीपेक्षा सहा-सात वर्षांनी मोठी, पण तासाला चिठ्ठ्या मला पाठवायची. मी उत्तरं द्यायचे. मोठ्या माणसानं उत्तर न देणं बरं दिसत नाही.

एका सकाळी ती म्हणाली, सिनेमाला जाऊ. मला एकदम जाणवलं की मी आयुष्यात वकिलीचा तास कधी बुडवलेला नाही. त्या पहिल्या कॉलेजात बुडवणार काय? तास असल्याशिवाय तास बुडवता येत नाही. आम्ही द्वारका चौकातून रिक्षा केली, सकाळचा खेळ पाहिला, समोसे खाल्ले. सिनेमा भिकार होता. मला फार आवडला.

सुट्टीच्या दिवशी सकाळी नवऱ्यानं चहाचा कप खाली ठेवला आणि विचारलं, "मंगळवारी कुठे होतीस?"

मी म्हटलं, कॉलेजला. त्यानं मोबाइल पुढे केला. प्रवेशाच्या अर्जात पालकाचा नंबर या रकान्यापुढे मी त्याचा नंबर लिहिला होता, हे मी विसरले होते. कॉलेज विसरलं नव्हतं. संदेश होता: आपला पाल्य आज गैरहजर आहे. त्याखाली दुसरा: पालकांनी महिनाअखेरच्या सभेस उपस्थित राहावे. लेक हातातली पोळी ठेवून माझ्याकडे अशा नजरेनं बघायला लागली, की ती नजर मी रोज तिच्याकडे बघताना वापरते.

मी म्हटलं, जायची काही गरज नाही. नवरा म्हणाला, बोलावलंय तर जायला हवं. त्या दिवशी त्यानं पांढरा शर्ट घातला, अर्धी रजा टाकली आणि माझ्या शेजारी, इतर आईबापांच्या रांगेत, पाऊण तास बसला. आमचा नंबर लागला तेव्हा टेबलापलीकडे तोच शिकरणवाला. त्यानं नवऱ्याला ओळखलं, आमच्या लग्नात त्यानं वाढप केलं होतं. पण दोघांनीही चेहरा हलू दिला नाही.

"अभ्यासात कशी आहे?" नवऱ्यानं विचारलं.

"हुशार आहे," सर म्हणाले. "पण शेजारच्या मुलीशी फार बोलते."

"घरीही तेच आहे."

"आणि मंगळवारी गैरहजर होती."

"समज देतो," नवरा म्हणाला आणि वहीत सही केली. मी दोघांच्या मध्ये हात बांधून उभी. बाहेर आल्यावर तो जिन्याच्या कठड्याला धरून, मान खाली घालून इतका हसला, की वर येणाऱ्या दोन पालकांनी मुलगी नापास झाली का म्हणून चौकशी केली.

मी नापास झाले नाही. वर्षअखेरीस सगळे विषय निघाले. करार कायद्यात वेणीवालीला माझ्यापेक्षा अकरा गुण जास्त, आणि ती हे दिवसातून एकदा तरी सांगते.

दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला कॉलेजनं हरसूलच्या बाजाराच्या दिवशी कायद्याच्या माहितीचं शिबिर ठेवलं. नागलीची पोती आणि सुकी मासळी यांच्या मधल्या जागेत आमचं टेबल. वेणीवालीच्या गावचे लोक येत होते, ती त्यांच्या बोलीत बोलत होती, मी लिहून घेत होते. एक म्हातारे आजोबा आले. वडिलांच्या जमिनीवर त्यांचं नाव अजून लागलं नव्हतं, भावांनी परस्पर नोंद केली होती. त्यांनी सगळं सांगितलं आणि तिच्याकडे न बघता माझ्याकडे बघत राहिले, कारण वय माझं होतं.

मी म्हटलं, "बाबा, जमिनीचा कायदा आम्हाला अजून शिकवलेला नाही. पुढच्या वर्षी आहे. आज तुमचे कागद सरांना दाखवते, ते सांगतील."

मग त्यांनी कागदांची गुंडाळी माझ्यासमोर ठेवली. "सरांना दाव," ते म्हणाले. "आन् फुडल्या वर्षी तूबी ये. लय दिस थांबलोय, आजून एक वरीस काय."

सर बाजाराच्या दुसऱ्या टोकाला शेव खात उभे होते. मी गुंडाळी घेऊन त्यांच्याकडे निघाले.