आधी खालच्या घरी

भिकनमामांची एक खोड होती. ज्या घरचं न्हाणीघर दुरुस्त करायचं, त्या घरी ते आधी जातच नसत. ते जात खालच्या घरी, जिथे पाणी गळतं तिथे. आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा मी दुसऱ्या मजल्यावर चहा घेऊन दारात उभी, आणि मामा खाली सुमनकाकूंच्या खोलीत फरशीवर चक्क उताणे पडून छताकडे बघत होते. "डाग कुठून सुरू झाला ते उभ्यानं कळत नाय," एवढंच म्हणाले.

मामा पिशोरचे. वडील मेंढ्या राखायचे. मामांनी तरुणपणीच काठी ठेवून गवंड्याची थापी धरली. रोज पहिल्या एस.टी.ने शहरात यायचे, पण बोलण्यातली मेंढरं काही सुटली नव्हती. "पाणी म्हंजी मेंढरू, ताई. एकाला फट घावली की मागं समदा कळप."

आमच्या शॉवरच्या कोपऱ्यात त्या कळपाला फट सापडून दोन वर्षं झाली होती. आधीच्या दोन कारागिरांनी टाइल्सच्या सांध्यांत पांढरं सिमेंट भरून वेळ मारून नेली. आणि मी? मी काकूंना बेधडक सांगून मोकळी झाले होते, "तुमच्याच पाइपचं असेल." त्या दिवसापासून मला 'अगं' म्हणणाऱ्या काकू 'मॅडम' म्हणू लागल्या. आता त्यांची लेक पहिल्या बाळंतपणाला यायची होती, आणि बाळंतिणीची खाट ज्या भिंतीला लागायची नेमकी तीच भिंत ओली.

मामांनी सगळं स्लॅबपर्यंत उकरलं. सांडपाण्याच्या जाळीकडे ढाळ दिला, कोपरे सिमेंटने गोल केले, जमिनीवर आणि कमरेएवढ्या भिंतीवर वॉटरप्रूफिंगचे दोन हात दिले. ते वाळल्यावर म्हणाले, "आता जाळीत बोळा कोंबून चार बोटं पाणी उभं करायचं. दोन दिस."

मी कपाळावर हात मारला. आमच्या भागात नळाला पाणी येणार आठवड्याने, तेही आलं तर. आमचा ड्रम तळाला गेलेला. "मामा, टाइल्स लावून टाका हो. खाली बाळंतीण येतेय, आणि पाणी आणू कुठून?"

त्यांनी थापी खाली ठेवली. "टाइला म्हंजी पांघरून, ताई. आत वलं हाय का कोरडं, ते झाकल्यावर कळंल व्हय?" आणि तडक जिना उतरले.

मला वाटलं, गेले पिशोरला. पाच मिनिटांत परत आले ते सुमनकाकूंना घेऊन. काकूंच्या हातात भरलेली बादली. "ज्याचं घर भिजलं त्यानंच पाणी वतावं," मामा म्हणाले, "मंग इस्वास बसतो." काकूंनी आपल्या ड्रममधलं पाणी बादलीबादलीने आणून ओतलं. माझ्याशी बोलल्या नाहीत, पण तिसऱ्या बादलीला मी हात लावला तेव्हा तो झिडकारलाही नाही.

पाण्याच्या कडेला मामांनी पेन्सिलीने रेघ मारली. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी रेघेच्या नखभर खाली, आणि काकूंच्या छताला ओला ठिपका. आता हे बुवा काहीतरी सबब काढणार, असं मला वाटलं. मी तेच केलं होतं ना! मामा मात्र काकूंपुढे जाऊन म्हणाले, "आक्का, जाळीच्या कडंला माझा हात हुकला. चूक माझी हाय."

इतकं सोपं वाक्य, पण दोन वर्षांत मला जमलं नव्हतं. तिथेच, काकूंच्या उंबऱ्यात, मी म्हणाले, "काकू, माझंही चुकलं." काकूंनी नुसती मान हलवली.

मामांनी ते पाणी मगाने काढून पुन्हा बादल्यांत भरून ठेवलं. "फेकायचं नाय. ह्यालाच परत कामाला लावू." जाळीभोवती नव्याने वॉटरप्रूफिंग भरलं, ते वाळू दिलं आणि तेच पाणी पुन्हा उभं केलं. या खेपेला पाण्याने दोन दिवस रेघ सोडली नाही. मगच टाइल्स लागल्या. लेक आली तोवर खालची भिंत वाळून तिला रंगही लागला होता.

आता गुडघ्यांमुळे मामा शहरात येत नाहीत. टाइल्स काय, कोणीही लावल्या असत्या. पण आपली चूक कबूल कशी करायची ते त्यांनी मला दाखवलं, आणि त्यांचे हे उपकार मी विसरणार नाही.

तेव्हा, बाळाच्या बारशाला, काकूंनी त्यांना आठवणीने बोलावलं होतं. मामा धुतलेली टोपी घालून आले. बायका पाळण्याभोवती दाटलेल्या, आणि मामा खाटेमागे वाकून भिंतीवर तळवा फिरवत होते, पार खालपर्यंत.

"अहो मामा, बाळ इकडंय!" कोणीतरी हसून ओरडलं.

"बाळाला बघाया समदे हायेत," मामा म्हणाले. "भित्तीला कोन बघनार?"

सगळ्या हसल्या. मी मात्र त्या भिंतीकडेच बघत उभी होते. काकूंनी माझ्याकडे पाहिलं आणि घुगऱ्यांचं पातेलं माझ्या हातात दिलं. "अगं, उभी काय राहिलीस? वाढ की सगळ्यांना."