बर्नीचा नवरा मध्येच उतरला

बर्नी वोयचिक आमच्या उघड्या छताच्या बसवर उभी राहून पर्यटकांना शिकागो दाखवायची. खाली बस मी चालवायचो. बाई जिभेची तिखट. कुणी उभं राहिलं की माईकवरून ओरडायची, "खाली बसा! पूल ठेंगणा आहे, डोकं गेलं तर परत मिळणार नाही!"

तिच्या नवऱ्याला, कॅझला, हल्ली काही आठवत नसे. घरी एकटं ठेवायची सोय नव्हती, म्हणून ती त्याला वरच्या पहिल्या बाकावर बसवून दिवसभर फिरवायची. साहेबांना मी पत्ता लागू दिला नाही, पण माझा जीव टांगणीला असायचा.

"एक दिवस घोळ होईल, बर्नी."

"तू समोर बघून चालव."

त्या शनिवारी म्युझियमच्या थांब्यावर ती नेहमीसारखी म्हणाली, "उतरायचं त्यांनी खुशाल उतरा, मागून आपलीच दुसरी बस येतेय." तेवढ्यात कुणाची तरी टोपी उडाली आणि ती पकडायला बर्नी वळली. रोज हे ऐकून ढिम्म बसणारा कॅझ त्या दिवशी गर्दीबरोबर मागच्या जिन्याने उतरला.

आम्ही पुढच्या चौकात पोचलो, तेव्हा माईकवर तिची किंकाळी आली. "थांबव! कॅझ नाहीये!"

थांबवतो कुठे? एकेरी रस्ता, मागे हॉर्नांचा कल्लोळ. मी मागच्या बसला वायरलेसवरून कळवलं. उत्तर आलं, "थांब्यावर ही गर्दी आहे, बघतो." तोवर वर लोक बसलेले, बोलणं भाग होतं. बर्नी तळ्याला नदी म्हणाली, नदीला तळं. एक पर्यटक फिदीफिदी हसला. त्याला त्या पुलाखाली उभा करावा असं मला वाटलं.

नदीकाठच्या थांब्यावर मी बस उभी केली आणि शिव्या खात तशीच ठेवली. बर्नी फुटपाथवर येरझारा घालत होती. शेवटी मागची बस आली. वर पहिल्याच बाकावर कॅझ!

ती धावत जिना चढली, तिच्यामागे मी.

"जीव घेतलास रे माझा!"

कॅझने तिच्याकडे अदबीने पाहिलं, सरकून जागा दिली. "बाई, ड्रायव्हरला जरा घाई करायला सांगता? पुढच्या बसमध्ये माझी बायको आहे. मी दिसलो नाही तर घाबरेल हो ती."

बर्नी उभीच राहिली.

"सांगते," ती म्हणाली, आणि त्याच्या शेजारी, परक्या बाईसारखं अंतर ठेवून बसली.