आप्पांनी न लिहिलेली इमारत

आप्पांनी कॅमेरा काढला की इमारतींचे मालक घाबरायचे. पुढे त्यांच्यापेक्षा जास्त मी घाबरायला लागलो.

आप्पा म्हणजे शिरूरचे निवृत्त ड्रॉइंग मास्तर. एका साप्ताहिकात दर शनिवारी जुन्या इमारतींवर सदर लिहायचे. जुन्या म्हणजे किल्ले-देवळं नव्हेत. स्वातंत्र्यानंतरच्या दहा-पंधरा वर्षांत उठलेल्या, सिमेंटच्या जाळीच्या, गोल कोपऱ्याच्या गॅलरीच्या, मोझॅक फरशीच्या. "शंभरीची झाली की समदे हात जोडतील," ते म्हणायचे, "पर तवर तिला जगू तर द्या!"

जगू कोण देतंय? आप्पा फोटो काढून गेले की मालकाला वाटायचं, आता लेख येणार, लोक गोळा होणार, सरकार पाडायला बंदी घालणार. मग लेख छापून यायच्या आत जेसीबी हजर. शिरूरकडचं एक टॉकीज असंच गेलं. शनिवारी लेख आला तेव्हा तिथं विटांचा ढीग होता. चहाच्या टपरीवर लोक चेष्टा करायचे, "आप्पांनी फोटो काढला म्हंजी हार घालायचाच बाकी!" आप्पाही हसायचे. त्यांचा चहा मात्र तसाच राहायचा.

मी परभणीकडचा, सातवीत शाळा सोडलेला. सणसवाडीच्या कंपनीतलं काम सुटलं आणि दौंडला स्टेशनाजवळच्या एका खानावळीत चपात्या लाटायला लागलो. खाली खानावळ, वर माझी खोली. त्या भिंतींशिवाय या मुलखात मला कुणी नव्हतं.

एका दुपारी शिरूरहून न्हावऱ्यामार्गे येणाऱ्या एसटीनं आप्पा आले. सवयीप्रमाणे चपला बाहेर काढून मोझॅकवर अनवाणी फिरले, जिन्याच्या कठड्यावरून हात फिरवला. मग रस्त्यापलीकडे जाऊन त्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला. टपरीवरची ती चेष्टा मीही ऐकली होती. पिठाच्या हातांनीच धावलो.

"आप्पा, पाया पडतो. आमच्यावर नका लिहू."

"आरं, लिहिलं न्हाई तर लोकांना कळंल कसं?"

"कळलं की पाडायलेत की, आप्पा!"

त्यांनी कॅमेरा खाली घेतला. झाकण लावलं. "मलाबी त्याचीच धास्ती वाटती रं," ते हळूच म्हणाले. "ज्येला चांगलं म्हणावं, ते..."

तेवढ्यात मालक बाहेर आले. "काय आप्पा, आमच्यावर लेख काय?"

मी हातावरचं पीठ पुसत राहिलो.

"छ्या! काय ठेवलंय हितं?" आप्पा म्हणाले. "भूक लागली, म्हणून आलो."

त्यानंतर ते अधूनमधून यायचे, कॅमेरा न घेता. मालकाला संशय नको म्हणून जेवताना मानसुद्धा वर करायचे नाहीत. टेबलाखाली पाय मात्र अनवाणी असायचे.

आप्पा गेले, सदरही बंद पडलं. त्यांनी ज्यांच्यावर लिहिलं त्यांतल्या बहुतेक इमारती गेल्या. ही उभी आहे, आणि तिच्यात मी. तरीही समोर कुणी कॅमेरा काढला की माझ्या हातातलं लाटणं थांबतं.

म्हणून इथं इमारतीचं नाव दिलेलं नाही, मालकाचंही नाही. आणि स्टेशनाजवळ म्हणालो, तेही तुम्ही खरं धरू नका.