हात वर झाला की थांबणारं रॉक

नव्या बँडच्या पहिल्याच सरावात मी गिटार वाजवत सरळ दारातून बाहेर गेलो. वायर उपसून आतच राहिली. अंगणात पोचल्यावर ध्यानात आलं, आपला आवाज मागं राहिलाय. दोष माझा नव्हता, पायांचा होता. उभा जन्म वरातीत गेला. हात चालले की पाय निघतात. वरातीत स्पीकरची गाडीही सोबत चालते. घर चालत नाही.

आम्ही तिघं. कॉलेजात रॉक वाजवायचो, तेव्हा खांद्यापर्यंत केस होते. मग लग्नं झाली, आमचीही आणि लोकांचीही, आणि तिघं तीन बँडपार्ट्यांत पांगलो. ड्रमवाला तामलवाडीत, बेस गिटारवाला सास्तूरला, मी बेंबळीत. पन्नाशी उलटल्यावर ठरलं, पार्ट्या चालू द्यायच्या, चूल त्यावर आहे. पण बाजूला आपलं हक्काचं रॉक. नियम एकच, फर्माईश घ्यायची नाही.

कारण माझं एक गाणं होतं. फाट्यावर एसटीची वाट बघणाऱ्या माणसाचं. त्यात एसटी काही येत नाही, आणि गाण्याचा शेवटही आजवर कुणाच्या कानावर आला नव्हता. लग्नात मधेच घालून बघायचो. पण पार्टीचा रिवाज असा, की घरधन्यानं हात वर केला की चालू गाणं जागीच तोडायचं आणि त्याचं धरायचं. माझं गाणं दर वेळी फाट्यावरच तुटे. एकदा तरी ते चारचौघांत शेवटाला जावं, एवढीच हौस होती.

पहिला कार्यक्रम ड्रमवाल्याच्या साडूकडं, नातवाच्या जावळाला. भरदुपारी मांडवात पंगत बसलेली, बायकांच्या पंगतीत माझी बायको. आम्ही गाणं धरलं. दोन कडवी झाली. तिसऱ्यात समोरच्या एका म्हाताऱ्यानं हात वर केला.

तिघंही एका ठोक्यावर थांबलो. इतके एकसाथ आम्ही सरावात कधीच थांबलो नव्हतो.

"बोला बाबा, कोणतं लावू?" मी माइकवरून विचारलं. नियम माझाच होता.

"मला कशाला इचारताय? म्या भाताला हात केला," बाबा म्हणाले. "तुमी का थांबलात?"

पंगत हसली. वाढपी भाताची बादली घेऊन पळाला. बेसवाला माझ्या कानाशी लागला, "वरातीचं धरू का गड्या? लाज राहील."

"लाज आता भाताखाली गेली," ड्रमवाला म्हणाला. "पहिल्यापासून धर. आन खाली बघ, पंगतीकडं बघू नको."

मी खाली मान घालून वाजवलं. मांडवात अजून किती हात वर झाले, देव जाणे. मधे एक सूरही चुकला. पण गाणं शेवटाला गेलं. टाळ्या पडल्या नाहीत. जेवणाऱ्यांचे हात खरकटे होते, अशी मी स्वतःची समजूत घातली.

परतताना मोटारसायकलवर बायको मागून म्हणाली, "शेजारची बाई इचारत होती, गाणं कुणाचं म्हणून."

"मग? माझं म्हणून सांगितलंस का न्हाय?"

"सांगितलं की. पर संपल्यावर. त्याच्या आधी कसं सांगू? तुमचा काय नेम?"