सुतळीतून गेलेला गोल

पुंडलिकनगरच्या कोपऱ्यावरच्या आमच्या टपरीवर फुटबॉल क्लबांची नावं कोणी घेत नाही. चहावाल्या चाचांना ती परदेशी नावं उच्चारता येत नाहीत आणि स्वतःला न कळणारी चर्चा ते आपल्या बाकड्यावर चालू देत नाहीत. म्हणून आम्ही जर्सीच्या रंगांवर आलो. लाल, निळे, पांढरे, आकाशी. रविवारी सकाळी एखादा नवा माणूस तिथं चहाला थांबला तर त्याला वाटतं, ही मंडळी घराला कोणता रंग द्यायचा यावरून भांडतायत.

यंदा लीग कोण नेणार हा विषय ऑगस्टमध्ये निघतो आणि मेपर्यंत पुरतो. मी लालवाला. दर ऑगस्टला मी "यंदा आपलंच" म्हणतो आणि दर फेब्रुवारीत रेफ्रीला शिव्या द्यायला लागतो. आमच्यातला वकील निळ्यांचा. कोर्टात त्याचं काय होतं ठाऊक नाही, पण टपरीवर तो एकही केस हरलेला नाही. निळ्यांना मिळालेली प्रत्येक पेनल्टी कायदेशीर, आमची प्रत्येक संशयास्पद. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. अर्थात मी त्याच्यापेक्षा शहाणा आहे असं नाही. मी वाळूजच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. दिवसभर गेज लावून माल पास-नापास करतो, केसाएवढा फरक असला तरी परत पाठवतो. त्यामुळं मला दुसऱ्याची चूक सहनच होत नाही, असं मी टपरीवर फार ऐटीत सांगत असे.

बाकड्याच्या टोकाला सर बसतात. आम्हाला शाळेत पीटी शिकवलेले सर, आता पंच्याहत्तरीला टेकलेले. सर कोणत्याच रंगाचे नाहीत. ते रेफ्रीच्या बाजूचे.

"उंटावरून शेळ्या हाकू नका," ते म्हणतात. "बावीस जण पळतेत आन बघणारा एकटा. एकदा शिट्टी गळ्यात घालून बघा."

"सर, आता त्यांना टीव्ही पण लावून दिलाय. पुन्हा पुन्हा बघूनसुद्धा चुकतात," मी म्हणतो.

"टीव्ही बघणारा बी माणूसच हाय की."

इथं वकील हमखास माझ्याकडं वळतो. "जाऊ दे, तू तुझा गोल सांग."

माझा गोल अख्ख्या गल्लीला पाठ आहे. तीसेक वर्षांमागं शाळांच्या फायनलला, शेवटच्या पाच मिनिटांत मी तो मारला आणि आम्ही एक-शून्यनं जिंकलो. लग्नानंतर बायकोला सांगितला तेव्हा मी खांबापासून दहा पावलांवर होतो. मुलगी शाळेत जायला लागली तोवर वीस. हल्ली मी जवळजवळ मधल्या रेषेवरून मारतो. वकील म्हणतो, अजून पाच वर्षांनी हा मुकुंदवाडी स्टेशनातनं मारंल.

त्या मॅचला रेफ्री आमचे सरच होते. ठरलेला रेफ्री तापानं पडला आणि मैदानावर शिट्टी असलेली दोनच माणसं उरली. एक आमचे सर, दुसरे समोरच्या शाळेचे पीटीचे सर, दौलताबादचे. दोघं जिवाभावाचे दोस्त. एका खोलीत राहून, एका स्टोव्हवर पिठलं करून दोघांनी पीटीचा कोर्स केलेला. दौलताबादच्या सरांनीच आपली शिट्टी खिशात टाकली आणि म्हणाले, "तू कर. तुझ्यावर भरवसा हाय."

मॅच संपल्यावर ते मैदानाच्या मधोमध येऊन म्हणाले, "तू तुझ्या पोरांसाठी शिट्टी वाजवलीस." त्यानंतर ते आमच्या सरांशी बोलले नाहीत. सरांच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका त्यांना गेली होती. ते आले नाहीत. सरांनी एक खुर्ची बराच वेळ रिकामी ठेवली होती, हे मी स्वतः पाहिलेलं आहे. पंगतीत वाढायला मीच होतो.

गेल्या ऑक्टोबरातली गोष्ट. आदल्या संध्याकाळच्या मॅचमध्ये निळ्यांच्या एका खेळाडूनं बॉल रेषेबाहेर गेल्यावर आत ओढला आणि त्यावरून गोल झाला. रविवारी सकाळी मी बाकड्यावर उभा राहायचाच बाकी होतो. रेफ्री आंधळा, टीव्हीवाला झोपलेला, लीग विकलेली. वकील कधी नव्हे तो गप्प होता, त्यामुळं मला आणखीच चेव आला.

चाचा गाळणी आपटत म्हणाले, "मियाँ, रेफ्री कू कायकू गाली दे रै? जिसने मारा उसकू तो मालूम रैता ना. वो कायकू चुप बैठा?"

सगळे हसले. सर हसले नाहीत. त्यांनी ग्लास खाली ठेवला आणि माझ्याकडं पाहिलं.

"मारणाऱ्याला कळतं का रे?"

"कळतं की सर. पायालाच कळतं."

"मग तुला म्हाईत असंल. तुझा तो गोल होता का?"

इतक्या वर्षांत सरांनी हे कधी विचारलं नव्हतं. मी त्यांच्यासमोर तो गोल शंभरदा सांगितला होता आणि शंभरदा ते चाचांच्या गाडीच्या चाकांकडं बघत चहा प्यायले होते.

गोल नव्हता.

त्या मैदानावरच्या गोलाची जाळी म्हणजे निम्मी जाळी आणि निम्मी सुतळी. डाव्या खांबाजवळ बाजूला मोठं भोक पडलं होतं, ते कोणीतरी सुतळीनं शिवलेलं. मी मारलेला बॉल खांबाच्या बाहेरून गेला, बाजूच्या जाळीवर आदळला, सुतळी तुटली आणि बॉल आत जाऊन पडला. सुतळी तुटल्याचा आवाजसुद्धा मी ऐकला. गोलकीपर दुसऱ्या बाजूला पडला होता. सर लांब होते, धापा टाकत येत होते. त्यांना दिसला तो जाळीतला बॉल. त्यांनी शिट्टी वाजवली. समोरची पोरं भोक दाखवायला धावली तोवर आमची सगळी टीम आनंदानं जाळीला लोंबकळली होती आणि जाळी अशी काही फाटली की कुठलं भोक जुनं आणि कुठलं नवं, ते देवालाही सांगता आलं नसतं. मी मधोमध हात वर करून उभा होतो. पंधरा वर्षांचा होतो, पण तेवढं कळायला पुरेसा होतो.

"होता की सर," मी म्हणालो. "शंभर टक्के."

सरांचा चेहरा एकदम सैल झाला. इतका की मला तिथंच लाज वाटली.

"बरं झालं विचारलं," ते म्हणाले. "महिन्याभरामागं मोतीबिंदू काढला ना, तवा दवाखान्यात तो दौलताबादवाला माझ्या शेजारीच बसला होता. दोघांच्या बी डोळ्याला पट्टी. आवाजावरनं ओळखलं मी. तर नर्सला मोठ्यानं म्हणतो कसा, काही लोकांना डोळे असून बी दिसत नाय, त्यांचं ऑपरेशन फुकट हाय."

वकील हसून हसून खोकायला लागला.

"तुम्ही काय म्हणालात?" मी विचारलं.

"काय म्हणणार? मलाच खात्री नव्हती," सर म्हणाले. "आता हाय. चल, मला दौलताबादला सोड. त्याला तोंडावर सांगतो."

चोराच्या मनात चांदणं. स्कूटरवर छावणी ओलांडेपर्यंत मी तीनदा घसा खाकरला. सर पाठीमागं बसून खुशीत होते. पडेगावला त्यांनी मला स्टोव्हवरच्या पिठल्याची गोष्ट सांगितली, मीठ दोघांनी वेगवेगळं टाकलं आणि दोघांनीही तोंड वाकडं न करता खाल्लं ती. मिटमिट्याच्या पुढं मला ते असह्य झालं. स्कूटरचं एक बरं असतं, पाठीमागच्याचा चेहरा दिसत नाही. मी समोरच्या रस्त्याकडं बघत सगळं सांगून टाकलं. भोक, सुतळी, आवाज, सगळं.

मी वेग कमी केला. "सर, परत फिरू का?"

"फिरायचं कशाला? निघालोय तर जाऊ," सर म्हणाले. "पण तिथं मी नाय बोलणार. तू बोल."

किल्ल्याच्या पायथ्याला रस्त्याकडेला सीताफळांचे ढीग लागलेले असतात. त्यातल्या एका ढिगामागं, काळा चष्मा लावून, प्लास्टिकच्या खुर्चीत दौलताबादचे सर बसले होते. बाग त्यांचीच, भावाच्या वाट्याला लागून. त्यांनी आमच्या सरांकडं पाहिलं. आमच्या सरांनीही काळा चष्मा लावलेला. दोन काळे चष्मे एकमेकांकडं बघत राहिले.

"घ्यायची तर घ्या," दौलताबादचे सर म्हणाले. "दाबून बघू नका."

"हा सांगायलाय काहीतरी," आमचे सर म्हणाले आणि माझ्या मागं जाऊन उभे राहिले.

मी भोकापासून सुरुवात केली. कंपनीत शेकडो जणांसमोर मी माल नापास करतो, पण स्वतःला नापास करायची सवय नव्हती. मी संपवलं. त्यांनी चष्मा काढला.

"भोकातनं?"

"हो सर."

"मग तू कुठं होतास?" हे आमच्या सरांना.

"लांब होतो. जाळीत बॉल दिसला."

दौलताबादचे सर एक सीताफळ उगाच हातात फिरवत राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "मला बी जाळीतच दिसला होता गड्या. भोकाचं मी पोरांचं ऐकून म्हणलो."

आमच्या सरांनी दुसरी खुर्ची ओढली आणि बसले. मी पाणी प्यायला म्हणून बाजूला झालो, कारण माझे डोळे भरून आले होते आणि मला मोतीबिंदू नव्हता.

वाटलं, आता चहा होईल आणि संपेल. पण ते दोघं पीटीचे सर होते.

"मग स्कोअर काय झाला?" दौलताबादच्या सरांनी विचारलं.

"शून्य-शून्य," आमचे सर म्हणाले.

"फायनल शून्य-शून्य राहती व्हय? पेनल्टी मारावी लागंल."

पाच मिनिटांत मी सीताफळांच्या दोन क्रेटांच्या मध्ये पोट सावरत उभा होतो. नातवाचा बॉल खाटेखालून काढला गेला. दौलताबादच्या सरांनी धोतराचा सोगा खोचला, चार पावलं मागं गेले आणि माझ्याकडं असं पाहिलं की मला वाटलं, क्रेट राहू दे, हा माणूस माझ्यावरच नेम धरतोय. मी हललोच नाही. हलून करायचं काय? जाऊ दे आत, संपू दे एकदाचं, असंच मनात होतं.

बॉल सरपटत आला आणि डाव्या क्रेटाच्या कडेनं गेला. बाहेरच्या कडेनं. चार बोटांचा फरक.

"गेला!" दौलताबादचे सर ओरडले.

आमच्या सरांनी चष्मा वर केला, डोळे बारीक केले, मग माझ्याकडं वळले. "मला उन्हात नीट दिसलं नाय. तू सांग."

दोन्ही म्हातारे माझ्याकडं बघत होते. एक शब्द बोलायचा होता, 'गोल', की सगळी फिट्टंफाट. आणि खोटं बोलायचा मला तीस वर्षांचा सराव होता. हा बॉलही तेव्हासारखाच, डावीकडंच, खांबाजवळच, तेवढ्याच अंतरानं.

"बाहेर, सर."

दौलताबादच्या सरांनी जो आवाज लावला तो किल्ल्यावरच्या पर्यटकांनीही ऐकला असेल. "डोळे हायेत का बटनं? तवा बी ह्यांचाच रेफ्री, आता बी ह्यांचाच! मास्तर तसं पोरगं! लई झालं तुमचं!" ते क्रेटाला हात लावून लावून अंतर दाखवत होते. आमचे सर खुर्चीत बसून इतके हसले की चष्मा मांडीवर पडला. चहा येईपर्यंत शिव्या चालल्या, चहा पितानाही चालल्या, आणि निघताना पिशवीभर सीताफळं माझ्या हातात कोंबताना ते म्हणाले, "ही मास्तरासाठी. तुला एक बी नाय."

पुढच्या रविवारी ते टपरीवर आले. आता दर रविवारी येतात आणि पांढऱ्यांच्या बाजूनं भांडतात. मी रेफ्रीला शिव्या देणं सोडलं असं लिहिलं तर ते खोटं ठरेल. देतो, पण बसून देतो. आणि माझा गोल आता वकील सांगतो, सुतळीसकट.

त्या दिवशी परतताना आम्ही शरणापूरला आलो. सर पाठीमागून म्हणाले, "तवाच सांगितलं असतंस तर मी गोल रद्द केला असता."

"माहीत होतं सर. म्हणूनच सांगितलं नाही."

"हं." थोड्या वेळानं त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "आजचा खरंच बाहेर होता?"

"खरंच सर. चार बोटं."

"बरं," सर म्हणाले. "मला आत वाटला होता."